ओटा वाढवावा

दामूनाना ‘डिमॉलिशन’ हा शब्द ज्या प्रेमानं लिहीत, त्या प्रेमानं तो जगात दुसऱ्या कुणी लिहिला नसेल. डीचं पोट गणपतीसारखं सुटलेलं, एलची मान उंच, आणि शेवटच्या एनची शेपटी पार कागदाच्या कडेपर्यंत गेलेली. त्या शब्दानं ज्याचं छप्पर खाली यायचं, तोसुद्धा नोटीस हातात धरून म्हणे, “अक्षर मातर मोतीसारखं शे हां, नाना.”

गावाचं नाव सांगत नाही. धुळे आणि जळगाव यांच्या मधलं तालुक्याचं गाव, नगरपालिका असलेलं, आणि तिथली माणसं जुनी भांडणं विसरत नाहीत, एवढं पुरे. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. मी तिथं ओव्हरसियर म्हणून रुजू झालो. माझं काम फूट-इंचांचं. रस्त्याची रेघ धरायची आणि कुणाचा ओटा, कुणाची छपरी, कुणाची पायरी रेघेबाहेर आली आहे ते टेपनं मोजायचं. मी मोजलं की पुढचं काम नानांचं. ते बांधकाम खात्याचे हेडक्लार्क. नोटीस तेच लिहीत आणि बजावायलाही स्वतः जात. शिपायाला त्या कामावर कधी पाठवत नसत. “शिपाई कागद देतो, मी निरोप देतो,” असं त्यांचं म्हणणं.

काळी टोपी, बारा महिने काखेत छत्री, कोटाच्या वरच्या खिशात तपकिरीची डबी. छत्री उघडलेली मी चार वर्षांत पाहिली नाही. पाऊस आला की नाना कुणाच्या तरी ओट्यावर चढत आणि घरमालकाला हाक मारत. गावातला एकही ओटा असा नव्हता की जिथं त्यांना चहा मिळत नसे, आणि त्यांतले निम्मे ओटे त्यांच्याच नोटिशीनं आखूड झालेले होते.

नानांना वाईट शब्दाचा विटाळ होता. आपल्याकडे घराघरांत थोडाफार असतोच तो. निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतं. बांगडी फुटत नाही, वाढते. देवापुढचा नारळ फोडायचा नसतो, वाढवायचा असतो. दुकानदारसुद्धा संध्याकाळी दुकान बंद करत नाही, वाढवतो. पण ही रीत लोक घरी आणि बाजारात पाळतात. नानांनी ती कचेरीत आणली होती. त्यांच्या टेबलावरची शाई कधी संपली नाही, ती वाढायची. आमच्याकडे बऱ्हाणपूरकडचा एक नवा शिपाई आला होता. त्याला नानांनी सकाळी सांगितलं, “शाई वाढली आहे रे.” तीन दिवस दौत कोरडी. चौथ्या दिवशी नाना चिडले, तर तो बिचारा म्हणतो, “आपने ही तो बोला, बढ़ गई. फिर लाना काहे को?” त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो. पुढं हाच विनोद नानांच्या नोकरीवर येणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं!

एकदा न राहवून मी विचारलं, “नाना, शाई संपली म्हणवत नाही तुम्हाला, आणि आठवड्याला चार घरांना डिमॉलिशन लिहिता. ते कसं चालतं?”

त्यांनी आधी खिडकीबाहेर पाहिलं, मग आवाज बारीक केला. “ओव्हरसियरसाहेब, वास्तुपुरुषाला इंग्रजी येत नाही.”

मला वाटलं, थट्टा आहे. थट्टा नव्हती. घरात जे बोलावं त्याला वास्तू ‘तथास्तु’ म्हणते, हे नानांना आईनं शिकवलेलं. म्हणून मोड, तोड, पाड असले शब्द उंबऱ्याच्या आत काढायचे नाहीत. पण खात्याच्या नोटिसांचे छापील फॉर्म इंग्रजीत होते. कुण्या गोऱ्या साहेबानं जाण्याआधी गठ्ठेच्या गठ्ठे छापून ठेवले होते, आणि ते काही केल्या संपत नव्हते. नानांनी त्यात नाव, माप आणि डिमॉलिशन एवढंच भरायचं. वास्तुपुरुषानं कागद वाचला तरी त्याला काय कळणार?

माणसाला मात्र कळायला हवं, त्याची त्यांची वेगळी तऱ्हा होती. वरच्या आळीत एका केळी विकणाऱ्या म्हातारीची छपरी दीड हात रस्त्यावर आली होती. नाना दारासमोर रस्त्यात उभे राहिले. आधी अख्खी नोटीस इंग्रजीत खणखणीत वाचली. म्हातारी केळीच्या फण्या निवडत शांतपणे ऐकत होती.

“काय लिखेल शे रे भाऊ?” तिनं विचारलं.

“काही नही माय. रस्ताले जरा पाय लांबावना शेतस, तो तुनाकडे जागा मांगी ऱ्हायना.”

“किती मांगस?”

“दीड हात.”

“मंग ली ले म्हनो बापा. रस्ता तरी कोना शे? आपलाच शे.”

आणि दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच छपरीचे बांबू काढून ठेवले. वर आम्हाला दोन-दोन केळी दिली. चार वर्षांत आमच्या खात्याला पोलीस लागला नाही. ही माझ्या टेपची करामत नव्हती.

मग नवे चीफ ऑफिसर आले. साताऱ्याकडचे, तरुण, इस्त्रीचा कोट घालणारे, कामाला चोख. आल्याआल्या त्यांनी हुकूम काढला की स्वतंत्र देशात लोकांना परक्या भाषेत नोटिसा द्यायच्या नाहीत, सगळं मराठीत हवं. हुकूम चांगलाच होता. मी टाळी वाजवली. नानांचा चेहरा पाहिला आणि हात खाली घेतला.

पुढचा आठवडा नाना शब्द शोधत होते. एका जुन्या फायलीच्या पाठीवर त्यांनी यादीच केली. “‘विध्वंस’ लंकेचा होतो, पेठेतल्या सुकलालशेठच्या ओट्याचा नाही. ‘जमीनदोस्त’मध्ये दोस्त आहे खरा, पण तो जमिनीचा, घरवाल्याचा नाही. ‘निर्दालन’ राक्षसांचं करतात.” साहेबांनी ‘निर्मूलन’ सुचवलं. नाना म्हणाले, “ते मलेरियाचं चाललंय, साहेब. दारावर तशी नोटीस गेली तर बाया डीडीटीवाले आले म्हणून भांडी झाकतील.”

पाडकामाला आमच्याकडे रहीम मिस्त्री होता. नानांच्याच वयाचा, त्यांचा जुना दोस्त. त्यानं पहार भिंतीला टेकवून आपला सल्ला दिला. “नाना, हम तो ‘उतारना’ बोलते. मकान उतारा. किसी को बुरा नहीं लगता.”

“उतरवा म्हटलं तर लोक मीठ-मोहऱ्या घेऊन ओट्याची दृष्ट उतरवतील,” नाना म्हणाले. “तुझा शब्द चांगला आहे रहीम, पण आमच्या बाया त्याच्या आधी पोचलेल्या आहेत.”

आणि ‘पाडणे’? सरळ, सोपा, शेंबड्या पोरालाही कळणारा शब्द. तो यादीतच नव्हता.

शेवटी एके सकाळी नाना खुशीत आले. मला तपकीर देऊ केली, मी घेत नाही हे माहीत असूनही. त्या दिवशी बाजारपेठेतल्या पंधरा ओट्यांना नोटिसा गेल्या. त्याच मोत्यासारख्या अक्षरात, शुद्ध मराठीत: ‘आपला ओटा रस्त्याच्या रेघेबाहेर असल्याने तो सात दिवसांचे आत वाढवावा.’

मी वाचलं तेव्हा मलाही खटकलं नाही, हे कबूल करतो. जळगावच्या घरात वाढलेला माणूस मी. वाढवणे म्हणजे काय, ते मला आईनं शिकवलं होतं.

पंधरांपैकी चौदा जणांनाही त्यांच्या आयांनी शिकवलेलं होतं. सात दिवसांत चौदा ओटे मागे गेले. पंधरावा सुकलालशेठचा. त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान, गावातल्या सगळ्यात अरुंद वळणावर. मी आठव्या दिवशी टेप घेऊन गेलो, तर ओटा दोन फूट पुढं आलेला. वर नवी कोरी शहाबादी फरशी. शेठ हात जोडून उभे.

“या साहेब. हुकूम मानेल शे.”

“शेठ, हे काय करून बसलात?”

“सरकारनं लिखं, वाढावो. म्या वाढाया. खर्चात पडनू, पन सरकारना शब्द खाले पडू दिन्हा नही.” आणि त्यांनी नोटीस पुढं केली. ती त्यांनी काचेच्या चौकटीत बसवून घेतली होती.

त्या दिवसापासून त्या वळणावर बैलगाडी वळेना. कापसाच्या गाड्या अडकल्या, गाडीवान एकमेकांच्या घराण्याचा उद्धार करू लागले, आणि चौकशी लागली.

साहेबांच्या खोलीत आम्ही चौघं. साहेब खुर्चीत, शेठ चौकट छातीशी धरून, नाना टोपी हातात घेऊन, आणि मी टेपसकट कोपऱ्यात.

“वाढवणे म्हणजे पाडणे, हे कुठल्या कोशात आहे?” साहेब कडाडले.

“कोशात नाही साहेब, घरात आहे. वहिनीसाहेबांच्या हातातली बांगडी पिचली तर त्या काय म्हणतात?”

“वाढ...” साहेब म्हणाले.

नाना शेठकडे वळले. “शेठ, रोज दिवेलागणीनंतर दुकानाचं काय करता तुम्ही?”

शेठ पक्के होते, पण सवय त्यांच्याहून पक्की. “वाढावस,” ते म्हणून बसले.

“म्हणजे रोज दोन-दोन फूट मोठं होतं का ते?”

दाराबाहेर कान लावून उभा असलेला बऱ्हाणपूरचा शिपाई खो खो हसला. साहेबांच्याही ओठांचा कोपरा हलला. नाना जिंकले असं मला वाटलं. पण शेठ पिढीजात व्यापारी. त्यांनी चौकट टेबलावर ठेवली आणि अगदी गोड आवाजात विचारलं, “ते बठ्ठं खरं, नाना. पन तुमना ओटा? तो कधय वाढावशात?”

साहेबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

इथं माझी लाज सांगितली पाहिजे. नानांच्या घराच्या ओट्यावर मी चार वर्षं बसलो होतो. जवळजवळ रोज कचेरी सुटल्यावर. नानांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्कांचे गुडघे धरलेले. घरातून ओट्यापर्यंत येणं एवढाच त्यांचा प्रवास. त्या तिथं बसून तांदूळ निवडायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारायच्या, कुणाच्या घरी कुठली भाजी ते विचारायच्या आणि आपली सांगायच्या. गल्लीचं वर्तमानपत्रच तो ओटा. मला तिथं चहा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मिळायची. सगळ्या गावाचे ओटे मी मोजले, हा एक नाही. ज्या जागेवर आपण बसलेलो असतो तिचं माप काढायचं कुणाला सुचतं? की नानांनीच मला तिथं बसवून ठेवलं होतं? ते मला आजही सांगता येत नाही.

साहेब म्हणाले, “ओव्हरसियर, मोजून या.”

मी गेलो, नाना बरोबर आले. तीन फुटांचा ओटा. मी टेप धरली ती जरा सैल सोडली. सैल टेपनं चार-सहा इंच कुठल्या कुठं जिरतात. नानांनी दुसरं टोक उचललं आणि ताणून भिंतीला लावलं. “ओव्हरसियरसाहेब, टेप ढिली धरू नका. तुम्हाला शोभत नाही.”

सव्वादोन फूट रेघेबाहेर. राहिले नऊ इंच. नऊ इंचांवर मांजर बसेल, अक्का नाही.

साहेबांनी निकाल दिला. आठ दिवसांत नानांनी दोन्ही ओट्यांना नव्या नोटिसा द्यायच्या, ‘पाडावा’ या साध्या मराठी शब्दात. नाहीतर निलंबन. नानांच्या निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. शेठनी बाहेर पडताना मला हळूच सांगितलं की नाना तो शब्द लिहिणारच नाहीत, अन् तोवर आपली फरशी पक्की बसते.

शेठचा हिशेब बरोबर दिसू लागला. नाना रोज कोरा कागद समोर घ्यायचे, ‘आपला ओटा’ एवढं लिहायचे आणि थांबायचे. टाकावरची शाई वाळून जायची. सहाव्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. हातातला चहा मी तसाच खाली ठेवला. मी म्हणालो, “नाना, एक शब्द आहे हो. लिहून टाका आणि मोकळे व्हा.”

नाना माझ्यावर पहिल्यांदाच ओरडले. “दिवसभर घरात एकटी ती असते! शब्द मी लिहायचा आणि भोगायचा हिनं?”

अक्का तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, “लिखी टाका ना. वास्तू बठ्ठा दिन मन्हाशी बोलस. मी सांगसू तिले समजाडीसन.”

नानांनी डबी उघडली, चिमूट घेतली, आणि ती तशीच बोटांत धरून बसले.

आठव्या दिवशी सकाळी दहाला ते गल्लीच्या मधोमध उभे होते. सोबत पहार घेऊन रहीम मिस्त्री. सुकलालशेठही आले होते, मजा पाहायला. गल्ली गोळा झाली. नानांनी चष्मा पुसला, कागद धरला आणि आपल्याच घराला नोटीस वाचून दाखवली. नाव त्यांचं, सही त्यांची, बजावणी त्यांची. ‘...तरी आपण आपला ओटा तात्काळ पाडावा.’ शब्दाशी आवाज जरा फाटला, पण वाचला. मग ते घराकडे तोंड करून म्हणाले, “तथास्तु म्हणायचंच असेल तर आधी माझ्या घरानं म्हणावं. दुसऱ्याच्या घराला हा शब्द नंतर.”

आतून अक्कांचा आवाज आला. “म्हनी टाकं वास्तूनी. आते च्या पी ल्या, थंडा व्हई ऱ्हायना.”

सगळी गल्ली हसली, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रहीम मिस्त्रीनं पहार उचलली, तसं नानांनी त्याला थांबवलं. कोटाच्या खिशातून नारळ काढला, ओट्याच्या कडेवर वाढवला, आणि खोबऱ्याचा तुकडा सगळ्यांना दिला. पहिला तुकडा शेठला. मग त्यांनी रहीमच्या हातातून पहार घेतली आणि पहिला घाव स्वतः घातला. घाव चुकला. दुसरा लागला.

शेठ तिथं खोबरं हातात धरून बराच वेळ उभे होते. दुसऱ्या दिवशी मी वळणावर गेलो, तर शहाबादी फरशी भिंतीला टेकवून ठेवलेली, ओटा रेघेच्या आत, आणि उंबऱ्यावर नारळाची शेंडी. “नाना ओटा वाढाईसन धाकला व्हयना नही, मी का बरं व्हऊ?” शेठ म्हणाले. मग कचेरीच्या कागदावर जावं म्हणून नोटिशीच्या मराठीत म्हणाले, “आता खरा वाढवला, साहेब.” चौकट मात्र त्यांनी काढली नाही. ती गल्ल्याच्या वर लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी होती.

त्यानंतर ‘पाडावे’ असा छापील मराठी फॉर्म आला. नाना तो भरत, पण दारात वाचताना त्या शब्दाशी आले की त्यांना नेमका खोकला येई. साहेबांनी त्या खोकल्याची चौकशी केली नाही.

माझी बदली शिरपूरला झाली. दोन-तीन वर्षांनी जळगावला जाताना वाटेत मुद्दाम एसटीतून उतरलो. ऊन कलतं झालं होतं. नाना निवृत्त झाले होते. गल्लीत वळलो आणि थांबलो. ओटा होता तिथं रस्ता. रस्त्यावर खाट, खाटेवर सूप घेऊन अक्का. समोरच्या घरातल्या दोन बाया पाट टाकून बसलेल्या. पलीकडे पोती अंथरून कुणी वाल सोलत होतं. रहीम मिस्त्री भिंतीला पाठ लावून विडी ओढत होता. बैलगाडी आली तेव्हा सगळे उठले, नानांनी आणि रहीमनं अक्कांसकट खाट उचलून बाजूला घेतली, गाडी गेली, आणि खाट पुन्हा जागच्या जागी आली. त्या गोंधळात अक्कांनी एक तांदूळ सांडला नाही.

“हे अतिक्रमण आहे, नाना,” मी म्हणालो.

“चालतं-फिरतं आहे. त्याला नोटीस कुठं चिकटवाल?” त्यांनी मला खाटेवर बसवलं. चहा आला.

मी विचारायचं नव्हतं ते विचारलं. “ओटा गेला, त्याचं वाईट वाटतं का हो?”

“गेला?” नानांनी जीभ चावली, माझी. म्हणजे माझ्याकडे असं पाहिलं की मीच माझी चावली. “असं बोलू नये. वाढवला तो.” त्यांनी छत्रीचं टोक समोरच्या भिंतीकडे केलं. “पार तिथपर्यंत. विश्वास नसेल तर मोजा.”

टेप जवळ नव्हती. मी चहाचा कप खाली ठेवला, उंबऱ्याला टाच लावली आणि पावलं टाकत समोरच्या भिंतीपर्यंत गेलो. बाया पाय आखडून वाट देत होत्या.

“अठरा फूट,” मी तिथून ओरडून सांगितलं.

“तीन होता,” नाना अक्कांना म्हणाले. “ऐकलंस?”